गुळाचा व्हिस्की-क्रीम शॉट दर वेळी का फाटतो? (समस्या निवारण)

डिसेंबरात झकास जमलेला शॉट जुलैत फाटतो. माप तेच, व्हिस्की तीच, क्रीमचा डबाही त्याच कंपनीचा. तरी ग्लासच्या कडेला पांढरे कण दिसतात, खाली तपकिरी पाणी सुटतं आणि पाहुणे दारात उभे असतात. अशा वेळी दोष व्हिस्कीच्या माथी जातो. हलकी आणली म्हणून नासलं, असं ठरतं. पुढच्या खेपेला महाग बाटली येते आणि तीही तशीच फाटते.

या शॉटमध्ये दूध फाडणारा आंबटपणा असतो. तो दर वेळी वेगळ्या वाटेने आत येतो, म्हणून एका खेपेचा उपाय दुसऱ्या खेपेला लागू पडत नाही. कधी गुळातून, कधी सायीतून, कधी कॉफीतून, कधी नीट न धुतलेल्या बाटलीतून. एकेक घटक वेगळा तपासला तर चोर दहा मिनिटांत सापडतो.

व्हिस्कीने दूध फाटतं का?

बेळगाव जिल्ह्यातल्या चिकोडी, निपाणी, अथणी, हुक्केरी भागात ज्यांच्या दारात गोठा आहे त्यांना डेअरीच्या संकलन केंद्रावरची अल्कोहोल टेस्ट ठाऊक असते. परीक्षानळीत 5 मिली दूध, त्यात 68 टक्क्यांचं 5 मिली अल्कोहोल. नळी उलटसुलट करायची. काचेला कण चिकटले की दूध परत. ताजं, गोडं दूध या टेस्टमध्ये तगून राहतं. नळीत त्या वेळी अल्कोहोल जवळपास 34 टक्के असतं.

आता आपली व्हिस्की बघा. भारतात बनलेल्या बहुतेक बाटल्यांवर 42.8 टक्के छापलेलं असतं. शॉटचं मिश्रण तयार झालं की त्यात अल्कोहोल 17-18 टक्क्यांवर येतं, म्हणजे डेअरीच्या नळीतल्याच्या निम्मं. तेवढ्याने चांगलं दूध फाटत नाही.

मग टेस्ट कसली करतात? लपलेल्या आंबटपणाची. ताज्या दुधाचा सामू (pH) 6.6 ते 6.7 असतो. आंबत आंबत तो 4.6 च्या आसपास आला की दुधातलं केसीन हे प्रथिन गोळा होऊन पाण्यापासून सुटतं. दही लागतं ते असंच. अल्कोहोल असेल तर केसीनला इतका आंबटपणाही लागत नाही, ते आधीच साथ सोडतं. त्यामुळे चवीला गोड लागणारं, चहात निभावून जाणारं दूध व्हिस्की पडली की उघडं पडतं. आटत आलेल्या जनावराच्या दुधाला आणि चिकाच्या दिवसांतल्या दुधाला क्षारांच्या फरकामुळे हाच त्रास होतो. घरच्या म्हशीचं दूध वापरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

आधी कण ओळखा

फाटलं म्हणून सगळे ज्याला नाव ठेवतात ते खरं तर चार वेगवेगळे प्रकार आहेत. उपायही चार आहेत. एक कण बोटावर घ्या आणि चोळा.

कण रबरासारखा, न विरघळणारा, दातांखाली पनीरसारखा लागला तर केसीन सुटलंय. हे खरं फाटणं. दोष आंबटपणाचा.

कण पिवळसर, बोटाच्या उबेने वितळून तुपकट झाला तर ते लोणी आहे. क्रीम मिक्सरमध्ये जास्त फिरली किंवा फिरवताना गरम होती. इथे आंबटपणाचा काही संबंध नाही. गूळ बदलून, व्हिस्की बदलून हा दोष जाणार नाही. मिक्सर बाजूला ठेवला की जातो.

कणच नाहीत, फक्त बाटलीच्या गळ्याशी जाड थर आणि खाली पातळ द्रव दिसतो, पण हलवल्यावर पुन्हा एकजीव होतं, तर ती वर आलेली साय. घरी क्रीममधले स्निग्ध गोळे कारखान्यासारखे बारीक फोडता येत नाहीत, म्हणून ते तरंगणारच. हा दोष नाही. वाढण्याआधी बाटली वीस वेळा उलटसुलट करा आणि पुढे चला. कित्येक जणांनी केवळ हे बघून चांगला माल मोरीत ओतलेला असतो.

कण करकरीत, जिभेवर विरघळणारे असतील तर साखर किंवा गूळ. पाक जास्त आटला.

गूळ: पहिला संशयित

गुळाच्या चहात दूध कधी घालायचं हे इथल्या प्रत्येक स्वयंपाकघराला माहीत आहे. गूळ घालून दूध उकळलं की नासतं, म्हणून दूध वेगळं तापवून शेवटी ओतायचं. तोच गूळ शॉटमध्ये घालताना मात्र हा धडा विसरला जातो.

गुळाचं पाणी मुळातच थोडं आंबट असतं. गुऱ्हाळात रसाचा आंबटपणा मारायला चुना घालतात, पण तो किती पडला हे प्रत्येक काहिलीला वेगळं. तोडलेला ऊस दोन-चार दिवस पडून राहिला असेल तर रसातली साखर मोडते, आंबटपणा वाढतो आणि असा गूळ मऊ, चिकट राहतो. त्यावर पावसाळा आला की संपलं. गूळ हवेतलं पाणी ओढतो, पाझरतो, आतून आंबायला लागतो. खानापूर-बेळगावचा जून ते सप्टेंबर म्हणजे गुळाचे वाईट दिवस. गुऱ्हाळं चालतात ती साधारण दिवाळीनंतर उन्हाळ्यापर्यंत. म्हणूनच डिसेंबरातला ताजा गूळ शॉट तारून नेतो आणि तीच ढेप जुलैत फाडते. माप तेच राहिलं तरी माल तो राहिलेला नसतो.

महालिंगपूरचा असो की कोल्हापूरचा, घ्यायचा तो कडक, फोडल्यावर आत रवाळ दिसणारा, हाताला न चिकटणारा गूळ. जिभेवर ठेवून शेवटी आंबूस झाक येते का बघा. पांढुरक्या पिवळ्याधमक गुळाला भुलू नका. रंग उजळायला हायड्रोस हे गंधकयुक्त रसायन वापरलेलं असू शकतं, आणि गंधकाचा वास थंड क्रीममध्ये लपत नाही.

पाक करताना वजनाने करा, वाटीने नको. 200 ग्रॅम किसलेला गूळ, 100 मिली पाणी. मोठं पातेलं घ्या. विरघळला की एक उकळी आणा, मिनिटभर ठेवा, वर येणारी मळी काढा आणि गॅस बंद. तार बघत बसायचं नाही. एकतारी झाला म्हणजे शॉटसाठी जास्तच झाला. थंड झाल्यावर तो बाटलीच्या तळाशी चिकटून बसेल किंवा खडे धरेल. 200 ला 100 या मापात गोडवा आपोआप 63-64 टक्क्यांवर येतो आणि तेवढाच हवा. थर्मामीटर वापरणाऱ्यांसाठी एक सूचना: पुस्तकांतली तापमानं समुद्रकाठची असतात. बेळगाव साधारण 750 मीटर उंचीवर आहे, इथे पाणी 97-98 अंशांनाच उकळतं. पुस्तकात 104 लिहिलं असेल तर इथे 101-102 ला तोच पाक तयार असतो. 104 पर्यंत थांबणाऱ्यांचा पाक जातो तो या अडीच अंशांत.

गॅस बंद केल्यावर, पाक गरम असतानाच, खाण्याचा सोडा चिमूटभर घाला. या 300 ग्रॅम पाकाला फार तर अर्धा ग्रॅम, म्हणजे पाव चमच्याचाही निम्मा. भसकन फेस येईल, म्हणून मोठं पातेलं. फेस जितका जास्त तितका गूळ आंबट होता असं समजा. सोडा वाढवण्याचा मोह आवरा: जास्त झाला की साबणाची चव येते, रंग काळपट होतो आणि मग काही करता येत नाही. इनो वापरू नका. त्यात सोड्याबरोबर सायट्रिक आम्लही असतं, काढायला गेलेली गोष्ट परत आत येते.

मग मलमलच्या फडक्यातून गाळा. ढेपेत चिपाडाचा चुरा आणि बारीक माती असतेच, चहाच्या गाळणीतून ती निघत नाही. पाक पूर्ण गार होईपर्यंत क्रीमजवळ नेऊ नका. कोमट पाक आणि थोडा आंबटपणा मिळून जे करतात ते थंड पाक एकटा करत नाही.

साय: घरातली सगळ्यात मोठी चूक

घरात साय साठवलेली असतेच. पाच-सहा दिवस फ्रीजमध्ये एकावर एक थर, आठवड्याने विरजण लावून लोणी. ती साय बघून क्रीम विकत कशाला आणायची असं वाटणं साहजिक आहे. पण पहिल्या दिवसाची साय सहाव्या दिवशी गोडी नसते. नाकाला कळत नाही, जिभेला कळत नाही, व्हिस्कीला कळतं. शिवाय घरच्या सायीत आधीच गाठी असतात, त्या सोडवायला मिक्सर लागतो आणि मिक्सरने लोणी निघतं. एकाच वेळी दोन दोष.

साठवलेली साय या कामाला वापरू नका. अमूलसारखी डब्यातली 25 टक्के स्निग्धांशाची फ्रेश क्रीम घ्या. ती एकजीव केलेली असते, त्यात स्थिर ठेवणारे घटक असतात आणि दर डब्याला सारखी निघते. डबा फोडल्यापासून दोन दिवसांत वापरा. गेल्या रविवारच्या पास्त्यातला उरलेला अर्धा डबा म्हणजे पुन्हा साठवलेली सायच. डबा उघडल्यावर वर जाड आणि खाली पाणी दिसलं तर तो कुठेतरी उन्हात किंवा गाडीत तापलेला आहे. तो भाजीत वापरा.

बाकीचे चोर

कॉफी आंबट असते. इन्स्टंट असो की चिकोरी घातलेली फिल्टर कॉफीची डिकॉक्शन, 20 मिलीच्या वर घालू नका आणि फ्रीजमध्ये थंड करून मगच घाला. सकाळची उरलेली डिकॉक्शन संध्याकाळी जास्त आंबट झालेली असते.

बाटली. कोकम सरबताची, लोणच्याची, सिरपची रिकामी बाटली धुतली असं वाटतं, पण झाकणाच्या आतल्या चकतीत आंबट राहिलेलं असतं. काचेची, रुंद तोंडाची बाटली घ्या, उकळत्या पाण्यातून काढा, झाकणातली चकती काढून बघा. कल्हई नसलेलं पितळ-तांब्याचं भांडं मिश्रणाला लावू नका.

आणि लिंबू, संत्रं, कोकमाचं आगळ, अननस: दुधाच्या शॉटमध्ये यांना जागा नाही. थेंबभरही नाही.

तीन ग्लासांची चाचणी

पाहुण्यांच्या आदल्या दिवशी हे करा. त्यासाठी फुल फोडायची गरज नाही, नाइंटी आणली तरी पुरते. तीन छोटे काचेचे ग्लास, सगळं फ्रीजमधलं थंड.

पहिल्यात 2 चमचे क्रीम आणि 2 चमचे व्हिस्की. दुसऱ्यात 2 चमचे क्रीम, 1 चमचा गुळाचा पाक, 1 चमचा व्हिस्की. तिसऱ्यात दुसऱ्यासारखंच, फक्त पाकाऐवजी थंड कॉफी. व्हिस्की शेवटी, थेंब थेंब, चमच्याने ढवळत. दहा मिनिटं थांबा. ग्लास तिरका करून सरळ करा आणि काचेवरून ओघळणारा पापुद्रा उजेडासमोर बघा. तो सलग दुधाळ असेल तर ठीक. वाळूसारखे ठिपके दिसले तर त्या ग्लासातला घटक दोषी.

पहिलाच फाटला तर क्रीम गेली, गुळाला दोष नाही. पहिला टिकला आणि दुसरा फाटला तर पाकात आणखी अर्धी चिमूट सोडा घालून, किंचित गरम करून, गार करून पुन्हा बघा. तरीही फाटला तर गूळ बदला; त्या ढेपेच्या मागे लागू नका. तो गूळ पुरणपोळीत उत्तम चालेल.

न फाटणारं माप

साधारण 24 शॉट निघतात, प्रत्येकी 30 मिली.

व्हिस्की (42.8 टक्के) 300 मिली
फ्रेश क्रीम 200 मिली
कंडेन्स्ड मिल्क 200 ग्रॅम, वजन करून
गुळाचा गाळलेला पाक 60 मिली
इन्स्टंट कॉफी 1 छोटा चमचा, 20 मिली गरम पाण्यात विरघळवून थंड केलेली
मीठ चिमटीच्या टोकावर राहील एवढंच
वेलची किंवा जायफळ, बारीक वस्त्रगाळ, चवीपुरतं

व्हिस्कीसकट सगळं निदान चार तास फ्रीजमध्ये. मोठ्या वाडग्यात कंडेन्स्ड मिल्क घ्या, त्यात क्रीम थोडी थोडी घालत हाताच्या व्हिस्कने किंवा रवीने हलकेच एकजीव करा. फेस काढायचा नाही. मग पाक, मग कॉफी. शेवटी व्हिस्की, दोऱ्यासारख्या बारीक धारेने, ढवळत ढवळत. 300 मिली संपायला तीन-चार मिनिटं लागली पाहिजेत.

हा क्रम उलटा करू नका. दुधात व्हिस्की पडते तेव्हा प्रत्येक थेंब लगेच पातळ होतो. व्हिस्कीत दूध ओतलं तर पहिल्या दुधाच्या थेंबांना सगळी 42.8 टक्क्यांची मात्रा झेलावी लागते आणि तिथे धरलेले कण नंतर सुटत नाहीत. मिक्सरच हवा असेल तर सगळ्यात कमी वेगावर तीन-चार सेकंद, एकदाच.

गाळून बाटलीत भरा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. पहिल्या तासात व्हिस्कीचा चटका वेगळा लागतो. बारा तासांनी गूळ, दूध आणि दारू एका चवीला येतात.

हिशेब असा: 300 मिलीत 128 मिली अल्कोहोल, एकूण मिश्रण सुमारे 735 मिली, म्हणजे साडेसतरा टक्के. बाजारात मिळणारं आयरिश क्रीमही 17 टक्क्यांचंच असतं. त्यापेक्षा व्हिस्की वाढवून कडक करायला गेलात तर फाटण्याचा धोका वाढतो. कमी केलीत तर टिकत नाही.

सोडियम सायट्रेट वापरावं का?

मोठी खेप, उन्हाळा आणि लांबचा प्रवास असेल तर जरूर. कारखान्यातल्या क्रीम लिकरमध्ये सोडियम केसिनेट आणि सायट्रेट याच कामासाठी असतात. ट्रायसोडियम सायट्रेट दुधातलं मोकळं कॅल्शियम धरून ठेवतं आणि केसीनला गोळा व्हायला आधार मिळत नाही. वरच्या मापाला 2 ग्रॅम पुरे, कॉफीच्या 20 मिली पाण्यातच विरघळवा.

घेताना नाव दोनदा वाचा. लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक आम्ल, हे शेजारच्याच बरणीत असतं आणि तेही पांढरं दाणेदार. ते पडलं तर अख्खी खेप पनीर होईल. जिभेला लावून बघा: सायट्रेट खारट-मंद लागतं, लिंबूसत्त्वाने दात आंबतात.

दुसऱ्या दिवशी कस्टर्डसारखं घट्ट झालं

कंडेन्स्ड मिल्क जास्त पडलं किंवा फ्रीज फार थंड आहे. 20-30 मिली थंड दूध घालून हलवा, पातळ होतं. चवीत काही बिघडलेलं नसतं. डीप फ्रीजरमध्ये मात्र ठेवू नका. अल्कोहोल आणि साखरेमुळे ते दगडासारखं गोठत नाही, पण बर्फाचे कण स्निग्ध गोळे फोडतात आणि सुटल्यावर वर तुपाची तवंग येते. ग्लास फ्रीजरमध्ये ठेवा, मिश्रण नको.

फार गोड झालं

बहुतेक वेळा झालेलं नसतं. वाडग्यात थंडावा उतरलेलं मिश्रण चाखून निर्णय घेतला जातो. थंडगार असताना जिभेला गोडी कमी लागते. चार अंशांवर थंड करून चाखा, मग ठरवा. तरी जास्त वाटलं तर पुढच्या खेपेला पाक 60 वरून 40 मिलीवर आणा, मीठ आणि कॉफी तशीच ठेवा. कंडेन्स्ड मिल्क कमी करू नका, दाटपणा आणि स्थिरता त्याचीच आहे. गोडी मारायला लिंबू पिळू नका, हे वर सांगितलं आहे, तरी पार्टीत कुणीतरी पिळतोच.

थर बसत नाहीत

तीन रंगांचा शॉट दिसायला सुंदर असतो आणि तो निव्वळ वजनाचा खेळ आहे. 63 टक्के पाक पाण्याच्या सुमारे 1.3 पट जड, क्रीमचं मिश्रण पाण्याहून थोडं जड, व्हिस्की पाण्याहून हलकी, 0.94-0.95. म्हणून तळाला 5 मिली पाक, मधे 20 मिली मिश्रण, वर 5 मिली व्हिस्की. चमचा उलटा करून त्याचं टोक ग्लासच्या काचेला टेकवा आणि त्याच्या पाठीवरून सावकाश ओता. पाक तळाशी न राहता मिसळला तर तो पातळ आहे. वरची व्हिस्की आत घुसली तर धार जोरात होती.

वरच्या थराशी क्रीमला नुसत्या व्हिस्कीचा सामना करावा लागतो, तिथे पाच-सात मिनिटांत ठिपके दिसू शकतात. थराचे शॉट ट्रेमध्ये आधी भरून ठेवायचे नसतात. हातात देताना भरा.

कुंदा घातला तर?

बेळगावात हा प्रश्न येणारच. कुंदा, म्हणजे इथली खव्याची मिठाई, मिक्सरमधून फिरवून शॉटमध्ये घातला की खव्याचे कण राहतात, ते गाळून निघत नाहीत आणि मिश्रण फाटल्यासारखं दिसतं. चव मात्र अप्रतिम जुळते, कारण दोन्हींत भाजलेल्या दुधाचीच गोडी आहे. कुंद्याचा छोटा तुकडा बशीत शेजारी द्या. ग्लासात नको.

आंबट-गोडच हवं असेल

मग दूध सोडा. 30 मिली व्हिस्की, 10 मिली गुळाचा पाक (याला सोडा नको), 5 मिली कोकम आगळ, तीन-चार बर्फाचे खडे. झाकणाच्या डब्यात दहा-बारा सेकंद जोरात हलवून गाळा, दोन छोटे शॉट होतात. आगळात मीठ असतंच, वेगळं घालू नका. इथे फाटायला काही नाही.

फाटलेली खेप वाचते का?

क्रीम शिळी होती, वास आला, तर नाही. टाकून द्या.

पण क्रीम चांगली होती आणि फक्त गुळाने फाडली असेल तर एक जुना मार्ग आहे. दूध मुद्दाम फाडून गाळलेलं मिल्क पंच युरोप-अमेरिकेत अठराव्या शतकात लोकप्रिय होतं; बेंजामिन फ्रँकलिनने 1763 साली एका पत्रात त्याची कृती लिहून पाठवली होती. खेपेत 30-40 मिली लिंबाचा रस घाला, पूर्ण फाटू द्या, तासभर फ्रीजमध्ये ठेवा. मग दुहेरी मलमलमधून, अजिबात न पिळता, ठिबकू द्या. पहिलं गाळलेलं पाणी गढूळ असतं, ते परत त्याच चोथ्यावरून ओता. चोथाच गाळणीचं काम करतो. क्रीममुळे वर तवंग राहील, म्हणून रात्रभर थंड करून गोठलेली चरबी चमच्याने काढा. खाली उरतं ते फिकट सोनेरी, मऊ, गोड-आंबट पेय. लोण्याचे कण झालेल्या खेपेला एवढं करायची गरज नाही. कडक थंड करा, गाळा, वापरा.

साठवण आणि वाढणं

फ्रीजमध्ये 4 अंशांवर, बाटलीवर तारीख लिहून, आठवड्याच्या आत संपवा. साडेसतरा टक्क्यांनी घरचं दूध अमर होत नाही. शेतावर किंवा फार्महाऊसवर न्यायचं तर थर्माकोलच्या पेटीत बर्फ घालून न्या. बाहेर काढून दोन तास झाले की उरलेलं परत बाटलीत ओतू नका. लाईट गेलेल्या रात्रीनंतर तीन ग्लासांतली पहिली चाचणी पुन्हा करा.

30 मिलीच्या एका शॉटमध्ये अल्कोहोल सव्वापाच मिली, 30 मिलीच्या पेगमध्ये जवळपास तेरा. म्हणजे अडीच शॉट हा एक पेग. गोडीमुळे चटका लागत नाही आणि माणूस आठ घेतो. यजमानाने हा आकडा पाहुण्यांना आधीच सांगावा, आणि गाडी चालवणाऱ्याला एकही देऊ नये. 21 च्या आतल्या कुणाच्या हातात ग्लास नको. पार्टी शिनोळी ओलांडून चंदगडकडे असेल तर तिथे महाराष्ट्राचा कायदा लागतो: व्हिस्कीसाठी वय 25 आणि पिण्याचा परवाना. चोर्ला घाटातून गोव्याची स्वस्त बाटली परवान्याशिवाय आणणं हा गुन्हा आहे, आणि तिच्यातही व्हिस्की साधारण याच मात्रेची असते, शॉट काही वेगळा होत नाही. हातभट्टीची किंवा सील तुटलेली दारू कुठल्याच मापात बसवू नका. तिच्यात मिथेनॉल हे विषारी अल्कोहोल आहे का हे घरातल्या कुठल्याही चाचणीने कळत नाही, आणि दूध-गुळाने त्याची चव पूर्ण झाकली जाते.